मी पीत नाही, चाखतो

आरे-वारेच्या वळणावर मी त्याची गाडी थांबवली, तेव्हा तो गात नव्हता, बरळत नव्हता, आणि कुणा साहेबाचं नावही घेत नव्हता. काच खाली करून त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं आणि नमस्कार केला. रविवारी दुपारी गणपतीपुळ्याकडून रत्नागिरीला परतणाऱ्या गाड्यांतून असा नमस्कार क्वचितच मिळतो.

मी तेजल गमरे. पोलीस उपनिरीक्षक, वाहतूक शाखा. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीतून अंगावर वर्दी चढवणारी मी पहिली — हे मी कुणी न विचारताही सांगते, कारण सांगायला मला आवडतं. त्या जानेवारीत समुद्राकाठच्या रस्त्यावर अपघात वाढले होते, म्हणून दर रविवारी आमची नाकाबंदी असायची. खाली पाणी लखलखत होतं. वरच्या बागांतून मोहोराचा वास वाऱ्याबरोबर रस्त्यावर उतरत होता. आणि त्या गाडीतून मात्र वेगळाच वास आला... द्राक्षांचा, आंबटगोड.

“मद्यपान केलंय?” मी विचारलं.

“मी पीत नाही, मॅडम. चाखतो.”

“मशीनला व्याकरण कळत नाही. फुंका.”

मागच्या सीटवरचे दोघे मोठ्यानं हसले. त्यालाही हसू आलं, पण त्यानं ते ओठांत धरून ठेवलं. मग नळी तोंडात घेऊन तो फुंकला. आकडा मर्यादेच्या बराच वर गेला.

त्यानं वाद घातला नाही, समजावून सांगितलं. नाव गुरुप्रसाद साळवी. नाशिककडच्या एका द्राक्षमळ्यात तो पाच-सहा वर्षं वाइन करायला शिकला होता आणि आता गावाकडे परतला होता. रत्नागिरीत वाइनची आवड असणाऱ्या लोकांचं एक छोटंसं मंडळ होतं. महिन्यातून एकदा ते बाहेर जेवायला जात, आणि कुठल्या माशाबरोबर कुठली वाइन हे ठरवायचं काम याचं. त्याच्या धंद्यातली माणसं घोट तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात. तोंडात राहिलेल्या वाइननं मशीन फसतं, तेव्हा चूळ भरून पाव तास थांबू द्यावं, अशी त्याची विनंती होती.

विनंती नियमाला धरून होती. हवालदार रामा साटलेंनी त्याला पाण्याची बाटली दिली. तो कठड्यापाशी जाऊन उभा राहिला, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचं म्हणून मीही. आता उन्हात उभी दोन माणसं गप्प किती वेळ राहणार? त्यानं विचारलं, तुमचं जेवण झालं का. मी म्हटलं, ड्यूटी संपल्यावर. मग त्यानं त्या दुपारचं जेवण सांगायला घेतलं. रवा लावून तळलेले सौंदाळे, वर लिंबू, आणि त्याच्याबरोबर थंडगार पांढरी वाइन, जिच्यामुळे माशाची चव जिभेवर आणखी थोडा वेळ रेंगाळते... तो सांगत होता आणि माझ्या डब्यातली चपाती-भाजी मला एकाएकी परकी वाटायला लागली.

दुसऱ्यांदा फुंकल्यावर आकडा उतरला. पण मर्यादेच्या खाली नाही आला.

क्षणभर तो त्या आकड्याकडे बघत राहिला आणि मग फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “शेवटची वाइन थुंकवली नाही. दोनदा घेतली. फार चांगली होती हो...”

या रस्त्यावर मी शेकडो सबबी ऐकल्या आहेत. खोकल्याचं औषध, लग्नातलं सरबत, मित्रानं अंगावर सांडलेला ग्लास. खरं सांगणारा हा पहिलाच.

मागच्या सीटवरून बाळाशेठ उतरले. आंब्याचे मोठे व्यापारी. मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं मला ‘थांबा जरा’ अशी खूण. एक फोन लावतो, मिटवून टाकतो, म्हणाले.

“फोन ठेवा, बाळाशेठ,” गुरुप्रसाद म्हणाला. “गाडी मी चालवत होतो.”

मी कारवाई केली. गाडी ताब्यात घेतली, परवाना घेतला. तिघांपैकी एकही गाडी चालवण्याच्या स्थितीत नव्हता, तेव्हा त्यांना एसटीनं जावं लागलं. बसची वाट बघताना त्यानं मला विचारलं, कितीपर्यंत चालतं? मी सांगितलं, कायद्यात आकडा आहे, शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. “पण स्वतःच्या रक्तातला आकडा तुम्हाला चाखून कळतो का?”

“नाही.”

“मग शून्य धरा.”

बस आली. चढताना त्यानं मागे वळून पाहिलं. मी लगेच पुढच्या गाडीकडे वळले — जरा जास्तच लगेच, असं नंतर रामा हवालदार म्हणाले.

कोर्टात त्यानं वकील उभा केला नाही. गुन्हा कबूल केला, दंड भरला. परवाना काही महिन्यांसाठी निलंबित झाला. मी दुसऱ्या कामासाठी आवारात होते. तो बाहेर आला आणि थेट माझ्यापाशी येऊन म्हणाला, चहा घ्याल? मी म्हटलं, आरोपीबरोबर नाही. तो म्हणाला, आता आरोपी नाही राहिलो, शिक्षा झालेला माणूस आहे. चहा समोरच उकळत होता; मी बाकावर बसले.

चहावर त्यानं मुद्दा काढला. त्याच्या मंडळातले सगळे शिकलेले, नेमस्त लोक. दंतवैद्य, बँकेतले अधिकारी, एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यातला कुणी स्वतःला दारुडा समजत नाही. एक-दोन ग्लास जेवणाबरोबर, आणि मग आपापल्या गाडीनं घरी. त्यालाही परवापर्यंत तसंच वाटत होतं. “तुम्ही याल का? मशीन घेऊन. मी सांगितलं तर हसतील. आकडा हसू देत नाही.”

साहेबांची परवानगी काढून मी गेले. काळबादेवीला खाडीच्या तोंडाशी बाळाशेठांचंच हॉटेल होतं, आणि तिथलं स्वयंपाकघर आणि वाइन दोन्ही गुरुप्रसाद बघायचा. ऊन कललं होतं. होड्या परतत होत्या. मी वर्दीत, आणि टेबलावर पांढरे कपडे अंथरलेले. सुरुवातीला सगळे अवघडले. पण पहिल्या ग्लासानंतर एकेकानं फुंकायला सुरुवात केली तशी मंडळी शाळकरी पोरांसारखी रांगेत उभी राहिली. कुणाचा आकडा एका ग्लासावर वर गेला, कुणाचा दोनांवर. मुख्याध्यापिकाबाईंचा अर्ध्यावरच गेला आणि त्या स्वतःवर रागावून खुर्चीत जाऊन बसल्या. धडधाकट दिसणारे दंतवैद्य तर चालत सरळ होते, बोलत सरळ होते, आणि मशीन त्यांना आत टाकायला निघालं होतं.

फक्त बाळाशेठांनी फुंकलं नाही. आमची सवय जुनी, आम्हाला यंत्र लागत नाही, म्हणाले.

त्या संध्याकाळी मंडळानं नियम केला. घरोघर सोडणारी छोटी बस ठरल्याशिवाय बाटली उघडायची नाही. गाड्या घरीच ठेवायच्या. नियम गुरुप्रसादनं मांडला आणि मुख्याध्यापिकाबाईंनी उचलून धरला.

जेवण संपत आलं तेव्हा तो माझ्यापाशी एक ग्लास घेऊन आला. मी हात पुढे केला नाही.

“पिऊ नका,” तो म्हणाला. “नुसता वास घ्या. वासाला कायदा नाही ना?”

मी ग्लास नाकाशी नेला. डोळे आपोआप मिटले. “पेरू,” मी म्हटलं. “आणि... कापलेलं गवत. ओलं.”

तो बघतच राहिला. इतका वेळ, की मला डोळे उघडून ग्लास खाली ठेवावा लागला.

“हे नाक वर्दीत वाया चाललंय, मॅडम.”

“वर्दीतच लागतं हे नाक,” मी म्हटलं. “तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.”

यावर तो हसला, अगदी मोकळा. कठड्यापाशी दाबून धरलेलं ते हसू पूर्ण उमटल्यावर कसं दिसतं ते मला तेव्हा कळलं.

परवाना नव्हता, म्हणून तो आता सगळीकडे एसटीनं जायचा. मी मारुती मंदिराच्या चौकात असले की समोरच्या थांब्यावर तो दिसायचाच. आधी वाटलं योगायोग. मग लक्षात आलं, बाजार करून परतताना काळबादेवीची बस त्याला स्टँडवरच मिळू शकत होती. मी तसं विचारलं, तर म्हणाला, इथून बसायला जागा मिळते. बस इथे येईपर्यंत भरलेली असायची. तो उभ्यानंच जायचा.

सुट्टीच्या दिवशी आम्ही मांडवीच्या धक्क्यावर फिरू लागलो. तिथे काळी वाळू, भेळवाले, सुट्टीला आलेली माणसं. लपण्यासारखं काही नव्हतं, आणि मला लपायचंही नव्हतं. तो बोलायचा आणि मी ऐकायचे. त्याच्या बोलण्यात चवी असायच्या. कातळावरच्या करवंदांची चव आणि मळ्यातल्या द्राक्षाची चव, दोन्ही जमिनीच्या हट्टातून येतात म्हणायचा. मग तो गप्प व्हायचा आणि मी बोलायचे. अकादमीतली सकाळची परेड, पायाला आलेले फोड, दीक्षान्त संचलनात बाबांनी फोटो काढायच्या ऐवजी नुसत्या टाळ्या वाजवल्या ते.

एक दिवस मी माझी अट सांगितली. ओळखीचा म्हणून कुणाला सोडा, असं मला कधी सांगायचं नाही. तो म्हणाला, मान्य. माझीही एक आहे. माझ्या कामाला दारूचा अड्डा म्हणायचं नाही. मी त्यात जन्म घालवतोय.

तेव्हा मला त्याला आईबद्दल सांगावं लागलं.

माझी आई करुणा. गावात देशी दारूचं दुकान होतं, त्यापायी माझे काका गेले, आणखी दोन घरं बसली. आई चौथी शिकलेली. तिनं वरच्या वाडीतल्या आणि आमच्या वाडीतल्या बायका एकत्र आणल्या. ज्या घरांत तिला कुणी आत बोलावत नव्हतं, त्या घरांच्या अंगणात उभं राहून तिनं बायकांना बाहेर काढलं. मतदान झालं, बाटली आडवी झाली, दुकान बंद पडलं. आजही पंचक्रोशीत तिला लोक ‘बाटलीवाली करुणाबाई’ म्हणतात, आणि ती ते मिरवते. मी वर्दी घातली ती तिच्या जिवावर.

गुरुप्रसादनं हातातली भेळ खाली ठेवली.

“म्हणजे त्यांच्या लेखी माझ्याहून वाईट जावई...” तो बोलता बोलता थांबला. जीभ चावली.

“जावई?” मी म्हटलं.

“चुकून आलं.”

“चुकून आलेलं मी नोंदवून घेत नाही,” मी म्हटलं. पण माझे कान तापले होते, आणि ते त्याला दिसले असावेत. त्यानं पुढे काही विचारलं नाही. परत निघताना मात्र आमच्या हातांमध्ये जेमतेम बोटभर अंतर होतं, आणि दोघांपैकी कुणीच ते वाढवलं नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी बाळाशेठांच्या हॉटेलात मोठं जेवण होतं. आंब्याचा हंगाम चांगला गेला होता. मंडळी नेहमीप्रमाणे बसनं आली. बाळाशेठ मात्र आपली गाडी घेऊन आले होते, सोबत सहा वर्षांची नात. दुपारपासून त्यांचा ग्लास रिकामा झाला नव्हता. मी तेव्हा शिरगावला नाकाबंदीवर होते. पुढचं मला नंतर मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं. गुरुप्रसादनं आधी विनवणी केली. मग किल्ली मागितली. मग गाडीसमोर उभा राहिला. बाळाशेठांनी त्याला धक्का मारून बाजूला केलं आणि नातीला पुढच्या सीटवर बसवून गाडी काढली.

माझा फोन वाजला. त्याचा आवाज ओळखीचा वाटेना. “मॅडम, बाळाशेठ निघालेत. पांढरी गाडी. फार प्यायलेत, आणि पुढे लहान मुलगी आहे. तुमच्याच दिशेनं येतायत. थांबवा त्यांना.”

तो हॉटेल चालवत होता बाळाशेठांचं. राहात होता तिथल्याच एका खोलीत. फोन करताना हे सगळं त्याला ठाऊक होतं.

मी बॅरिकेड रस्त्यावर आडवे लावले. गाडी दिसली तेव्हा ती रस्त्याच्या मधल्या पट्ट्यावरून येत होती. समोरून येणारी रिक्षा गटारात उतरता उतरता राहिली. ब्रेक लागला, टायर किंचाळले, आणि गाडी बॅरिकेडपासून हातभर अंतरावर थांबली. मी आधी पुढचं दार उघडलं आणि पोरीला उचलून घेतलं. तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली, ती सुटेचना. एका हातात ती, आणि दुसऱ्या हातानं मी बाळाशेठांपुढे मशीन धरलं.

ते खूप बोलले. कुणाकुणाची नावं घेतली. मग माझ्याबद्दल आणि गुरुप्रसादबद्दल जे बोलले ते रामा हवालदारांनी ऐकलं आणि त्यांच्या मुठी वळल्या. मी त्यांना डोळ्यांनी थांबवलं. आणि मग माझ्या साहेबांचा फोन आला. बाळाशेठांचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. काय प्रकार आहे, त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. गाडीत लहान मूल होतं, सांगितलं. माहिती कुणी दिली तेही सांगितलं, आणि हा माणूस माझ्या ओळखीचा आहे हेही.

त्यांनी आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

“मग थांबलात कशाला, गमरे?” साहेब म्हणाले. “तुमचं काम करा.”

मी काम केलं. बाळाशेठांची सून रिक्षानं आली, तिनं मुलीला माझ्या खांद्यावरून घेतलं. तिनं सासऱ्यांकडे बघितलंही नाही. जाताना तिनं फक्त माझा दंड दाबला.

दुसऱ्या दिवशी गुरुप्रसादला हॉटेल सोडायला सांगितलं. खोलीही. आणि आठवड्याभरात बोलणं पसरलं की वाहतुकीच्या त्या मॅडम आणि तो दारू पाजणारा, दोघांनी मिळून शेठना अडकवलं. रत्नागिरीत बोलणं पसरायला बाजारहाटाचा एक दिवस पुरतो. राजापूरला पोहोचायला थोडे जास्त.

आईचा फोन आला. ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “दारूवाल्यासंगती फिरतेस ह्ये खरं हाय?”

“तो वाइनचं काम करतो, आई. आणि हो, खरं आहे.”

तिनं फोन ठेवला. त्यानंतर महिनाभर रोजचा फोन बाबांनीच केला, आणि त्यात मागून आईचा भांड्यांचा आवाज तेवढा यायचा.

गुरुप्रसादला मी हे सांगितलं. तो तेव्हा भाट्याला एका मित्राच्या घरी राहात होता. म्हणाला, मी जातो. मी म्हटलं, माझ्याशिवाय? तो म्हणाला, तुम्ही रजा मिळाली तर या. पण बोलायचं मलाच आहे.

जुलैत आम्ही गेलो. पाऊस आठवडाभर कोसळून दमला होता आणि आता नुसता भुरभुरत होता. राजापूरला अर्जुना नदी गढूळ होऊन काठांना लागली होती. तिथून गाडी बदलून वाडीवर पोहोचेस्तोवर त्याचे कपडे ओले झाले होते. बाबांनी, प्रमोद गमऱ्यांनी, त्याला पंचा दिला. मुंबईत महापालिकेत कारकुनी करून निवृत्त झालेले बाबा. त्यांचं बोलणं मोजकं. ओटीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींखाली त्याला खुर्ची दिली. आई उंबऱ्यात उभी राहिली. बसली नाही.

बाबांनीच सुरुवात केली. “आम्ही कोण, ते तुमच्या घरी ठाऊक आहे?”

“आहे,” गुरुप्रसाद म्हणाला.

“काय म्हणाले?”

“आई रडली. वडील बोलत नाहीत. मी दोघांना सांगितलंय, लग्न केलं तर तेजलशीच करीन. आणि ज्या दिवशी तिचा मान राखून तिला घरात घ्याल, त्या दिवशी आम्ही येऊ. त्याआधी नाही.” तो थांबला. “अर्थात, ती हो म्हणाली तर. अजून म्हणालेली नाही. मी विचारलंही नाहीये नीट.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पागोळ्यांकडे पाहिलं.

आता आई बोलली. “ती दारू सोडशील?”

मला वाटलं, आता तो हो म्हणेल. कुणीही म्हणालं असतं. त्या क्षणी मलाही, खरं सांगायचं तर, तो हो म्हणावा असंच वाटलं.

“नाही, काकी,” तो म्हणाला. “सोडतो असं सांगून तुमची मुलगी मागितली तर ते खोटं होईल. ते माझं काम आहे, आणि मी ते चांगलं करतो. पण माझ्या टेबलावरून उठलेला माणूस हातात स्टिअरिंग धरणार नाही, एवढं बघतो. त्यासाठी एकदा हॉटेल गेलं. पुन्हा जायची वेळ आली तर पुन्हा जाईल.”

आई त्याच्याकडे बघत होती. दुकान बंद करायला निघालेल्या दिवसांत ती माणसांकडे अशी बघायची. हा आपल्या बाजूनं हात वर करेल की नाही, हे जोखत.

“त्या शेठाला अडवाया फोन तूच केलास ना रे?” तिनं विचारलं.

“हो.”

“पोर होतं गाडीत?”

“हो.”

आई उंबऱ्यावर बसली. पदरानं तिनं तोंड पुसलं. “माझा दीर असाच गेला. दुकानातून सायकलीवरनं निघाला, आन् पुलावरनं खाली. त्याला दुकानात दहा जण बघत होते. एकानं त्याची सायकल धरली नाय.” तिनं पदर पुन्हा सारखा केला. “माझा दारूशी दावा हाय, तो मरेपर्यंत ऱ्हायल. तुझ्या त्या वाइनीशी पन. माझ्या घरात बाटली आनायची नाय.”

“नाही आणणार.”

“मंग बस जेवायला. कुळथाची पिठी हाय. तुझ्या द्राक्षांच्या पान्यासंगती जाते का नाय, मला ठाव नाय.”

तो पोटभर जेवला. दोनदा पिठी मागून घेतली. आईनं त्याला तिसऱ्यांदा न विचारताच वाढली, आणि मला तेवढ्यावरून सगळं कळलं. जेवताना त्यानं पुढचं सांगितलं. मंडळातल्या दंतवैद्यांनी आणि मुख्याध्यापिकाबाईंनी मिळून भाट्याला एक जुनं घर भाड्यानं घेतलं होतं. दसऱ्याला तिथे त्याचं स्वतःचं जेवणघर सुरू होणार होतं, सगळे परवाने काढून, दारात बस उभी करून. बाबांनी मन लावून ऐकलं आणि फक्त एक प्रश्न विचारला, कोळंबी कुठून घेणार. तिथून ते दोघे असे बोलत सुटले, की त्याच्या बसची वेळ झाली म्हणून मला मध्ये पडावं लागलं.

मला दुसऱ्या दिवशी परतायचं होतं; तो संध्याकाळच्या बसनं निघाला. मी त्याला थांब्यापर्यंत सोडायला गेले. दोन छत्र्या होत्या, एकच उघडली. भाताच्या खाचरांत पाणी भरलं होतं. वरच्या वाडीतल्या बायका लावणीवरून परतत होत्या. आम्हाला बघून त्या थांबल्या. एरवी मी छत्री जरा खाली केली असती. त्या दिवशी केली नाही.

“मॅडम,” तो म्हणाला, “नीट विचारायचं राहिलंय माझं.”

“विचारा की.”

“म्हणजे... मी सगळ्यांना सांगत सुटलोय, आणि ज्यांना विचारायला हवं त्यांनाच—” तो अडखळला. त्याच्यासारखा बोलका माणूस. “बस येईल इतक्यात.”

“येईल,” मी म्हटलं. “पण वळणावर दिसेपर्यंत अजून वेळ आहे.”

त्यानं ओले केस मागे सारले. कानशिलावरून पाण्याचा ओघळ उतरत होता. त्या माणसानं माझ्या आईसमोर बसून खोटं बोलायची सोपी संधी सोडली होती, माझ्या आईचा आणि स्वतःच्या कामाचा, दोघांचाही मान राखला होता. मला त्याचा इतका अभिमान वाटत होता, की वर्दीच्या पहिल्या दिवशी स्वतःचाही तेवढा वाटला नसेल.

“हो,” मी म्हटलं.

“कशाला हो?”

“जे तुझ्या आईवडिलांना सांगितलंस, त्याला.”

‘हो’ त्यानं ऐकलं होतं, पण त्यापेक्षाही आधी त्याच्या कानांनी दुसरंच काहीतरी धरलं होतं.

“तुझ्या?” तो हळूच म्हणाला. “पुन्हा म्हण.”

बस वळणावर आली. वरच्या वाडीच्या बायका अजून बांधावर उभ्या होत्या, आणि आमच्या अंगणातून आईही बघत असणार, मला ठाऊक होतं. मी त्याचा हात हातात घेतला, सगळ्यांच्या देखत, आणि छत्री त्याच्याकडे दिली.

“पोहोचलास की फोन कर, गुरू,” मी म्हटलं. “मी जागी असेन.”